न्यायालयाच्या आदेशाने दाखल रुग्णांच्या वॉर्डसाठी परिचर्येची मानके कशी लिहायची?

परिसेविका_दक्षिणकोकण

नमस्कार. कोकणातल्या एका सरकारी मनोरुग्णालयात न्यायालयाच्या आदेशाने आलेल्या पुरुष रुग्णांचा वेगळा वॉर्ड आहे. तुरुंगातून उपचारासाठी पाठवलेले कच्चे कैदी, स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत नाहीत म्हणून खटला थांबलेले, आणि मनोविकारामुळे निर्दोष ठरून सुरक्षित ताब्यात ठेवलेले, असे तिन्ही प्रकार एकाच छताखाली आहेत. या वॉर्डसाठी परिचर्येची लेखी मानके तयार करायचं काम आमच्या तिघींच्या गटाकडे आलं आहे. आज हाताशी आहे ती फक्त ड्युटीची यादी: चावी कोणाकडे, गोळ्या कोण देणार, जेवण कोण वाटणार.

बाहेरची उदाहरणं पाहिली. अमेरिकेत न्यायवैद्यक परिचर्येची (गुन्हा किंवा कोर्टाशी संबंध आलेल्या रुग्णांच्या शुश्रूषेची) व्याप्ती आणि मानके १९९७ मध्ये पहिल्यांदा निघाली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात न्यायवैद्यक मनोरुग्णांच्या परिचर्येसाठी स्वतंत्र मानके आहेत. ती वाचायला चांगली आहेत, पण रात्री एक सिस्टर आणि दोन कक्षसेवक असलेल्या वॉर्डात ती जशीच्या तशी लावली तर भिंतीवर फ्रेम करून टांगण्यापलीकडे काही होणार नाही.

विचारायचं हे की मानकाचं वाक्य कसं लिहावं, कायद्यातलं काय त्यात आणावं, आणि पोलिस गार्ड, बांधून ठेवणं, हत्यारासारख्या वस्तू, कोर्टात जाणाऱ्या नोंदी या चार गोष्टींत नर्सची रेघ कुठे ओढायची?

केसपेपर_ट्यूटर

सिस्टर, आधी वाक्याचं बघू, कारण बहुतेक मसुदे तिथेच पडतात. "रुग्णाला सन्मानाने वागवावे" ही इच्छा झाली. मानकात कोणी, काय, किती वेळात आणि कुठे नोंदवायचं हे चारही हवं, म्हणजे तिसऱ्या माणसाला केसपेपर उघडून ते पाळलं की नाही हे सांगता येतं. उदाहरणार्थ: "दाखल करून घेणारी अधिपरिचारिका त्याच पाळीत रुग्णाला, त्याला समजणाऱ्या भाषेत, तो कोणत्या आदेशाने इथे आहे, औषधं कोणती सुरू होणार आणि तक्रार कोणाकडे करायची हे सांगेल, आणि त्याने काय उत्तर दिलं ते नर्सिंग नोट्समध्ये लिहील." सन्मान हा शब्द त्यात नाही, पण तपासता येतो.

कायद्यातलं काय घ्यावं? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) मधली तीन कलमं या वॉर्डचा पाया आहेत.

कलम १०३: तुरुंगातून किंवा न्यायालयाच्या आदेशाने आलेल्या रुग्णाला दाखल करायला तो आदेशच पुरेसा अधिकार. त्याच कलमात दर सहा महिन्यांनी रुग्णाच्या मानसिक आणि शारीरिक स्थितीचा विशेष अहवाल आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जायला हवा. अहवाल वैद्यकीय अधिकाऱ्याचा, पण तो चुकतो वॉर्डात, कारण तारीख कोणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून नर्सिंगचं मानक: दाखल झाल्याच्या दिवशीच सहा महिन्यांनंतरची तारीख वॉर्डच्या रजिस्टरात लाल शाईने, आणि एक महिना आधी डॉक्टरांना लेखी आठवण. ही छोटी नोंद नसल्यामुळे माणसं वर्षानुवर्षं कोर्टाच्या नजरेआड पडून राहतात. मला विचाराल तर संपूर्ण दस्तऐवजात हे मानक पहिल्या पानावर हवं.

कलम ९५: साखळीने बांधणं कोणत्याही स्वरूपात मनाई. कलम ९७: एकांत कोठडी नाही, शारीरिक बंधन फक्त तात्काळ इजा टाळायला दुसरा उपाय नसेल तेव्हा. त्यावर पुढे कोणीतरी वॉर्डातलं लिहीलच.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची ३३० आणि ३३५ ही कलमं १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३६९ आणि ३७४ झाली आहेत. २०१७ च्या कायद्यात अजून जुने आकडे छापलेले आहेत आणि वॉर्डात जुने-नवे दोन्ही आदेश येत राहणार. रजिस्टरात दोन्ही क्रमांकांचे रकाने ठेवा. ३६९ वाला माणूस खटला संपायच्या आधीचा आहे, ३७४ वाला निकालानंतरचा. दोघांची सुटकेची वाट वेगळी, म्हणून काळजीची योजनाही वेगळी. पहिल्याच्या योजनेत कोर्टाचं कामकाज समजून घेता यावं इतपत सुधारणा हे एक उद्दिष्ट असतं: न्यायाधीश कोण, वकील कोण, आपल्यावर आरोप काय. दुसऱ्याच्या योजनेत गावी परत गेल्यावर औषध कोण देणार हा मुख्य प्रश्न.

नोंदीबद्दल एकच गोष्ट ठासून. मत लिहू नका, दिसलं आणि ऐकलं ते लिहा. "रुग्ण आक्रमक" याचा कोर्टात काहीच उपयोग नाही आणि रुग्णाचं नुकसान मात्र होतं. "१४:१० वाजता जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं, 'माझ्या भातात कायतरी घातलंय' असं दोनदा म्हणाला, बाजूला बसवल्यावर पाच मिनिटांत शांत" हे लिहा. चूक खोडताना एकच आडवी रेघ, सही, वेळ. व्हाइटनर वॉर्डात नकोच. उशिरा लिहिलेली नोंद "उशिरा नोंद" म्हणून, घटनेची वेळ आणि लिहिण्याची वेळ दोन्ही देऊन.

रातपाळी_ब्रदर

वॉर्डातलं मी लिहितो.

पोलिस गार्ड: रेघ सरळ आहे. ताबा पोलिसांचा, काळजी आपली. गार्ड रुग्णाला पाहू शकेल पण बोलणं ऐकू शकणार नाही इतक्या अंतरावर. काठी आणि शस्त्र वॉर्डाच्या दाराबाहेर. गोळ्या देताना, इंजेक्शन देताना रुग्णाला धरायला गार्डला बोलवायचं नाही. धरायची वेळ आलीच तर प्रशिक्षण घेतलेली आपली माणसं धरतील. नाहीतर त्या इंजेक्शनचा अर्थ रुग्णाच्या डोक्यात शिक्षा असाच बसतो आणि पुढे महिनाभर तो औषधाला हात लावत नाही.

खाटेला बेडी हा कोकणातच नव्हे, सगळीकडचा झगडा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आसाममधल्या प्रकरणात, रुग्णालयात खाटेला बेड्या घालून ठेवलेल्या बंदिवानांबद्दल, दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बेड्या नाहीत असं बजावलं. नव्या संहितेच्या कलम ४३(३) मध्ये काही गुन्ह्यांसाठी बेडीची मुभा आहे, पण ती अटक करताना आणि कोर्टात हजर करताना. वॉर्डातल्या खाटेसाठी नाही. मानकात लिहा: बेडीसह रुग्ण आला तर पाळीची प्रमुख ती काढायला सांगेल; गार्डने नकार दिला तर त्याचा बक्कल नंबर, वेळ आणि दिलेलं कारण लिहून वैद्यकीय अधीक्षकांना तत्काळ कळवेल. नर्सने गार्डशी वाद घालायचा नाही, लिहून वर पाठवायचं.

बंधन: मनोविकारतज्ज्ञाचा आदेश, पद्धत, कारण, किती वेळ, हे सगळं केसपेपरमध्ये. नामनिर्देशित प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीने या कायद्याखाली नेमलेल्या माणसाला) २४ तासांच्या आत कळवणं. दर महिन्याच्या अहवालात प्रत्येक घटना मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे. आणि कायद्यात स्पष्ट आहे की माणसं कमी आहेत हे बंधनाचं कारण होऊ शकत नाही. हे वाक्य मसुद्यात जाड अक्षरात घ्या, कारण प्रत्यक्षात निम्मा दबाव तिथूनच येतो.

बंधन असेपर्यंत एक नर्स नजरेसमोर. दर १५ मिनिटांनी श्वास, चेहऱ्याचा आणि नखांचा रंग, नाडी, पट्ट्याखाली दोन बोटं सरकतात का, पाणी हवं का, लघवीला जायचं का. पालथं झोपवून धरायचं नाही, छातीवर-पाठीवर वजन टाकायचं नाही. दम घुटून मृत्यू असेच होतात, आणि ओरडतोय म्हणजे श्वास ठीक आहे हा समज चुकीचा आहे. शांत करणारं इंजेक्शन दिल्यावर नाडी, रक्तदाब, श्वास, तापमान आणि शुद्ध किमान तासाला, रुग्ण गुंगीत असेल तर दर १५ मिनिटांनी. ओलान्झापिन आणि लोराझेपामची इंजेक्शनं लागोपाठ द्यायचा आदेश आला तर द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, श्वास मंदावतो.

धोक्याचा अंदाज: मेलबर्नच्या थॉमस एम्बलिंग रुग्णालयात तयार झालेली 'डासा' ही सात मुद्द्यांची रोजची तपासणी नर्सनेच करायची आहे. चिडचिड, आवेगाने वागणं, सूचना न ऐकणं, कोणी डिवचतंय असं वाटणं, मागणी नाकारली की भडकणं, नकारात्मक वृत्ती, तोंडी धमकी. प्रत्येकाला ० किंवा १, गेल्या २४ तासांवरून पुढच्या २४ तासांचा अंदाज. रोज ठरावीक वेळी, दोघांनी बोलून. बिघडतं कुठे? सगळ्यांना शून्य लिहायची सवय लागते, किंवा आकडा वाढला की सवलत काढून घेतात. आकडा वाढला तर योजना बदलायची: वेगळं बसवून बोलणं, गर्दीतून बाहेर काढणं, औषधाबद्दल डॉक्टरांना फोन. मराठीत करताना प्रत्येक मुद्द्याखाली वॉर्डातली दोन उदाहरणं द्या, नाहीतर "नकारात्मक वृत्ती"त कोणीही बसतं.

मोजणी: प्रत्येक ओव्हरला, म्हणजे पाळी बदलून ताबा देताना, दोघांनी मिळून. ब्लेड, नेलकटर, कात्री, चमचे, सुया, फोडलेल्या अँप्यूलची काच. बागकामाच्या दिवशी कोयता, विळा, फावडं, पारय यांची वेगळी वही. बाहेर जाताना आणि आत येताना नग आणि सही. मोजणी जुळेपर्यंत ओव्हर पूर्ण नाही. आवाराचा गडगा (कुंपणाची दगडी भिंत) चिऱ्याचा असेल तर सुटे दगड आठवड्याला उचलून घ्यायचे, पावसाळ्यात रोज, कारण पावसात चिरे निसटतात.

गळफासाच्या जागा: पंख्याचा हुक आणि खिडकीचे गज सगळे बघतात. मच्छरदाणीची नायलॉनची दोरी कोणी बघत नाही. डास तर आहेतच, म्हणून मच्छरदाणीऐवजी खिडक्यांना बारीक जाळी. पायजम्याला नाडी नको, इलॅस्टिक. जास्त लक्ष कधी: दाखल झाल्यावरचे पहिले दिवस, कोर्टाच्या तारखेहून परतल्यावरची रात्र, जामीन नाकारल्यावर, आणि भेटीला येणार असलेलं माणूस न आल्यावर. या चार वेळा मानकात नावानिशी लिहा.

आणि आग. १८ खाटांचा वॉर्ड असो की ४०, रात्री कुलूप उघडायला किती सेकंद लागतात हे महिन्यातून एकदा घड्याळ लावून बघा. २००१ मध्ये तामिळनाडूत एर्वाडीला साखळीने बांधलेले २८ जण आगीत गेले.

परिसेविका_दक्षिणकोकण

दोघांचेही मनापासून आभार, हे थेट मसुद्यात जाईल. दोन गोष्टी अडल्यात. रुग्ण गोळ्या घेताना अचानक गुन्ह्याबद्दल बोलायला लागला तर नर्सने काय करायचं? आणि भेटीला येणारे घरचेच कधी कधी त्या गुन्ह्यातले पीडित असतात. अशा भेटीचं मानक काय?

मनोसामाजिक_मालवण

ताई, पहिल्याचं उत्तर गुन्ह्याबद्दल बोलायच्या आधी द्यायचं असतं. वकिलाला अशिलाचं गुपित राखण्याचं संरक्षण पुराव्याच्या कायद्यात आहे, नर्सला तसं नाही. साक्षीला बोलावलं तर सांगावं लागतं. म्हणून दाखल होतानाच साध्या शब्दांत सांगायचं: "तुम्ही सांगाल ते उपचार करणाऱ्यांतच राहील. पण कोर्टाने केसपेपर मागितला तर द्यावा लागतो. केसबद्दलचं वकिलाशी बोला." वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला त्याच आठवड्यात पत्र, आणि त्या पत्राची प्रत केसपेपरला.

एवढं करूनही तो बोललाच, तर खोदून विचारायचं नाही. तपास आपलं काम नाही. उपचाराशी संबंध आहे तेवढं लिहायचं: आवाज ऐकू येत होते का, झोप किती दिवस नव्हती, औषध बंद होतं का, आता कोणाला इजा करायचा विचार आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर त्याच पाळीत डॉक्टरांना.

भेटी: पहिल्या भेटीआधी समाजसेवक आणि नर्सने घरच्यांशी वेगळं बोलायचं. कोण येणार, त्यांना भीती आहे का, भेट रुग्णाला हवी आहे का. भेट दोघांच्याही संमतीनेच. बसण्याची जागा अशी की दाराजवळ पाहुणा, आणि नर्स नजरेच्या टप्प्यात. भेटीनंतर त्या दिवशी झोपेपर्यंत रुग्णाकडे जास्त लक्ष. चतुर्थी आणि शिमग्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत हे सगळं दुप्पट लागतं. घरी गणपती आणि आपण इथे, हे त्यांना फार लागतं. रजा देणं न्यायालयाच्या हातात आहे, नर्सने "बघू, जाशील" असं कधीही म्हणू नये. त्याऐवजी भेटीची तारीख आधी ठरवून द्यावी आणि ती पाळावी.

भाषेचंही मानक घाला. आंब्याच्या बागांत आणि ट्रॉलरवर नेपाळी माणसं आहेत, सीमेकडून कन्नड बोलणारी येतात. दुभाषा म्हणून गार्ड किंवा सहआरोपी कधीच नको. मालवणीत बोलणाऱ्याचं बोलणं मालवणीतच लिहा, प्रमाण मराठीत "सुधारून" नको. आणि राखणदार, देवचार (गावची राखण करणारी अदृश्य शक्ती), कोणीतरी केलेली करणी, ही भाषा आली म्हणजे लगेच भ्रम असं लिहू नये. घरचे तेच मानतात का, रुग्णाचं मानणं गावापेक्षा वेगळं कुठे झालं, ते विचारून लिहा. "राखणदार रागावलाय" हे सगळी वाडी म्हणेल. "राखणदार रेडिओतून मला एकट्याला हुकूम देतो" हे वाडी म्हणणार नाही.

एमआयसीयू_ते_मनोविकार

सगळ्यांनी वर्तनाबद्दल लिहिलं, शरीराचं मानक राहतंय. या वॉर्डात शरीराच्या आजाराला "नाटक करतोय" म्हणून मागे टाकलं जातं, आणि आपल्याकडचं हवामान त्यात भर घालतं.

एप्रिल-मेचा दमट उकाडा: मनोविकाराच्या औषधांनी आणि ट्रायहेक्सिफेनिडिलने (त्या औषधांमुळे येणारा ताठरपणा-कंप कमी करणारी गोळी, वॉर्डात आपण पॅसिटेन म्हणतो ती) घाम कमी येतो, शरीर तापतं. दुपारी १२ ते ४ बागकाम बंद, पाणी मागायची वाट न पाहता हातात द्यायचं, रोज दुपारी तापमान. पॅसिटेनची साठवणूक आणि देवाणघेवाण होते, म्हणून गोळी दिल्यावर तोंड, जिभेखाली, गालात बघणं आणि पाच-दहा मिनिटं समोर बसवणं. लिथियमवरचा (मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधावरचा) रुग्ण घामाघूम झाला, जुलाब लागले किंवा अंगदुखीला डायक्लोफिनॅक घेतलं, तर रक्तातलं लिथियम चढतं. हाताचा जाड कंप, उलट्या, तोल जाणं, जड जीभ दिसली तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना. पातळीसाठी रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी.

पावसाळा म्हणजे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून-चिखलातून होणारा ताप). ताप आणि अंग दुखतंय असा मनोविकाराच्या औषधावरचा रुग्ण आला की दोन शक्यता एकत्र तपासायच्या. सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) लेप्टोतही वाढतं आणि औषधाच्या घातक प्रतिक्रियेतही, ज्याला आपण एनएमएस म्हणतो. फरक हातांनी कळतो: कोपर वाकवून बघा, सगळं अंग शिशाच्या नळीसारखं कडक, घाम, रक्तदाब वर-खाली, शुद्ध हरपत चाललेली, तर एनएमएस. पोटऱ्या दाबल्यावर दुखतात, डोळे लाल पण चिपडं नाहीत, लघवी कमी, कावीळ, तर लेप्टो. खात्री नसेल तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि जिल्हा रुग्णालयात पाठवा. ओल्या मातीत काम करणाऱ्यांना गमबूट हवेतच.

क्लोझापिन (इतर औषधांनी बरं न वाटलेल्यांना देतात ते मनोविकाराचं औषध) असेल तर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी, आणि रोज शौचाची नोंद. बद्धकोष्ठतेने आतडं बंद पडून माणूस जातो, हे अजूनही कमी लोकांना माहीत आहे.

केसपेपर_ट्यूटर

सिस्टर, आता हे सगळं एकदम लागू करायला जाऊ नका. मसुदा झाला की वॉर्डातल्या सिस्टर-ब्रदर, कक्षसेवक, समाजसेवक, मनोविकारतज्ज्ञ, तुरुंगाचे वैद्यकीय अधिकारी यांच्याकडे नावाशिवाय मत मागवा, दोन फेऱ्यांत. किती टक्के सहमती झाली तर मानक ठेवायचं हे पहिल्या फेरीआधी ठरवून लिहून ठेवा, निकाल पाहून नको. बऱ्या झालेल्या दोन-तीन रुग्णांनाही विचारा. कुठली गोष्ट अपमानाची वाटते हे त्यांच्याइतकं कोणी सांगणार नाही.

सुरुवातीला पाच मानके पुरेत: सहामाही अहवालाची तारीख, बंधनाची नोंद, मोजणी, रोजची धोक्याची तपासणी, आणि कोर्टात जाताना सोबत द्यायचा कागद. या शेवटच्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून सांगते. रुग्ण तारखेला गेला, तिथेच जामीन झाला आणि संध्याकाळी एसटीने गावी निघून गेला, तर औषध त्याच रात्री तुटतं. म्हणून प्रत्येक तारखेला कैदी पार्टीबरोबर (रुग्णाला कोर्टात नेणाऱ्या पोलिसांबरोबर) बंद पाकिटात उपचाराचा सारांश, आणि डॉक्टरांनी ठरवलेली काही दिवसांची औषधं, पोच घेऊन. पाकिटावर जवळच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या ओपीडीचा दिवस लिहिलेला असावा. जुलै-ऑगस्टमध्ये घाट बंद पडला तर पार्टी मध्येच अडकते, तेव्हा वाटेतल्या डोससाठी गोळ्यांची छोटी पुडी वेगळी, वेळ लिहून.

तपासणी महिन्याला दहा केसपेपर काढून, दुसऱ्या वॉर्डच्या इन्चार्जने. प्रत्येक मानकापुढे फक्त हो, नाही, लागू नाही. "नाही" आलं तर नाव विचारायचं नाही, कारण विचारायचं: फॉर्म संपले होते, वेळ नव्हता, माहीत नव्हतं. तीन महिन्यांच्या "नाहीं"ची बेरीज करून तीच यादी अधीक्षकांकडे माणसं आणि साहित्य मागायच्या पत्राला जोडा. मनुष्यबळाची मागणी करताना आपल्याकडे एवढा ठोस कागद सहसा नसतो.